दर्या घरात आला!

परवा गणपतीच्या कारखान्यातून सुटल्यावर पेणला गाडीत बसलो, मोबाइलवर 'मकबूल' लावला आणि कासू, नागोठणे, निडी कधी गेलं, पत्ताच नाही. रोहा हे गाडीचं शेवटचं स्टेशन म्हणून बरं, नाहीतर पार रत्नागिरीत जाग आली असती! उतरलो तो फलाटावरच्या बाकावरच बसलो. वरून आषाढ कोसळतोय, आईचे चार मिस्ड कॉल, बॅटरी संपत आलेली, आणि मी हलायला तयार नाही.

विशाल भारद्वाजचा हा सिनेमा २००४ साली लागला होता. इतकी वर्षं मला कुणी बोललं कसं नाही? शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'ची गोष्ट ऐकून माहीत होती. शूर सरदार, चेटकिणींचं भाकीत, बायकोची फूस, राजाचा खून, आणि मग उडालेली झोप. म्हटलं, मुंबईच्या भाई लोकांत हे बसवणार कसं?

अहो, चेटकिणी म्हणजे दोन पोलीस! ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह. सुरुवातीलाच पाऊस, गाडीची धुरकटलेली काच, तिच्यावर बोटाने काढलेली कुंडली, आणि थोड्याच वेळात त्या कुंडलीवर उडालेली रक्ताची चिळकांडी. तीनदा मागे नेऊन बघितलं मी. मूळच्या चेटकिणी नुसतं भविष्य सांगतात. हे दोघं ते घडवूनही आणतात, कारण कुठल्या भाईला वाढवायचं नि कुणाला उडवायचं, हा काटा त्यांच्याच हातात. रायगडकरांना हे वेगळं सांगायला नको. १९९३च्या स्फोटांतलं आरडीएक्स आमच्याच शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं, आणि त्या खटल्यात कस्टम आणि पोलिसांतल्या माणसांनाही शिक्षा झाल्या.

आणि तब्बू! मूळ गोष्टीत ती सरदाराची बायको. इथे ती थेट अब्बाजीची, म्हणजे बॉसची बाई, आणि जीव अडकलाय मकबूलमध्ये, म्हणजे इरफानमध्ये. एवढा एकच बदल, पण सगळा डाव फिरला. आता खून गादीसाठी की हिच्यासाठी, हे मकबूललाही धड सांगता येणार नाही. पंकज कपूरचा अब्बाजी तर बोलतसुद्धा नाही, पुटपुटतो. तरी समोरचे गप्पगार. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याला. मिळायलाच हवा होता!

पण मला वेड लागलं ते दर्याचं. 'मॅकबेथ'मध्ये जंगल चालून येईपर्यंत राजाला भीती नसते. इथे जंगलाच्या जागी समुद्र: दर्या घरापर्यंत येत नाही तोवर मकबूल सुखरूप. केवढी सुचलेली गोष्ट! रविवारी वडखळकडच्या आमच्या खारेपाटातल्या घरी गेलो आणि आजीला हे रंगवून सांगितलं. ती सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यान काय नवाल? आमचे घरान दर्या उधानाला येतोच." खरंच की! धरमतरच्या खाडीला उधाण आलं, बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतातून थेट पडवीत. सूप झटकत तिनेच निकाल दिला, "मंग मेला तो."

शेक्सपिअर पचवणं आपल्याला नवं नाही म्हणा. देवलांनी १८९० साली 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, शि. म. परांजप्यांनी 'मॅकबेथ'चा 'मानाजीराव', शिरवाडकरांनी १९५४ साली 'राजमुकुट'. परक्या राजाला पागोटं बांधायची विद्या आपल्याकडे जुनीच. भारद्वाजने मात्र पागोटंही उतरवलं, त्या डोक्याखाली पिस्तूल ठेवलं. कारखान्यात हे सगळं इतकं बडबडलो की डोळ्यांची आखणी करणारे काका वैतागले. "साचा कुठनं आणला ते राहू दे. डोळे कुणी आखलेत?" मी म्हटलं, "तेच तर सांगतोय, काका!"

शेवट सांगणार नाही. हॉस्पिटलचा प्रसंग आहे, काच आहे, पलीकडे एक तान्हं बाळ आहे, आणि इरफान एक शब्दही बोलत नाही. बघा तुम्ही. आज रात्रीच बघा. मोबाइल मात्र आधी पूर्ण चार्ज करून ठेवा. माझा नेमका तिथेच बंद पडला, आणि शेवटची पाच मिनिटं मला दुसऱ्या दिवशी पेणला जाताना बघावी लागली.