मालगाडीवरची झोप

नाशिकहून कांदा भरून ट्रक मंगळूरकडे निघाला की आमच्या ड्रायव्हर उस्तादांना एकच घोर असायचा, कोलाडला नंबर लागेल ना? तिथून कोकण रेल्वेची रो-रो मालगाडी सुटते. 1999 साली ही सेवा सुरू झाली. भरलेले ट्रक सपाट उघड्या वाघिणींवर चढवतात आणि ड्रायव्हर-क्लीनर आपापल्या केबिनमध्ये बसून जातात. गोव्यात वेर्ण्यापर्यंत, नाहीतर थेट मंगळूरजवळच्या सुरतकलपर्यंत, सुमारे सातशे किलोमीटर. बारावीनंतर मी क्लीनर म्हणून लागलो तो याच वाटेवर.

ट्रक चढवणं सगळ्यात जिकिरीचं. वजन-उंची तपासून झाली की रॅम्पवरून चढून, एकेक वाघीण ओलांडत ट्रक पुढे न्यायचा. चाकं आणि वाघिणीची कड यांत जेमतेम अंतर. मी पुढे उलटा चालत हाताने खुणा करायचो, "येऊ द्या, येऊ द्या, जरा डावीकडे." मग हँडब्रेक, चाकांना ठोकळे, साखळ्या. वाटेत गाडी थांबली की उतरून साखळ्या पुन्हा चाचपायच्या.

गाडी सुटली की इंजिन बंद असूनही ट्रक धावू लागे. वाघिणीचा हेलकावा वेगळा आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर डुलणाऱ्या ट्रकचा वेगळा. उस्ताद सीटमागच्या फळीवर आडवे होत आणि लगेच घोरू लागत. रस्त्याने जाताना कशेडी घाटात मी त्यांचे तांबारलेले डोळे पाहिले होते. त्यांचा डोळा लागू नये म्हणून रात्रभर बोलत राहणं हेही क्लीनरचंच काम. मालगाडीवर ते काम नव्हतं.

रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येई. तेव्हा इंजिनं डिझेलची. काचा चढवून, ओला पंचा नाकाशी धरून बसायचं. पुढे पानवल नदीवरचा 64 मीटर उंच पूल. केबिनमधून खाली झाडांचे नुसते शेंडे दिसत. मार्ग एकेरी, त्यामुळे प्रवासी गाड्यांना वाट देत आम्ही लहान स्टेशनांवर ताटकळायचो. पंजाबी, तमिळ, मल्याळी ड्रायव्हर नळावर कपडे धुवत, एकमेकांना डब्यातलं देत.

माल उतरला की परतीचं भाडं मिळेपर्यंत पडेल ते काम. मंगळुरी कौलं भरली, मलप्याच्या बंदरावर बर्फातल्या मासळीचे खोके वाहिले, हंगामात रत्नागिरीला आंब्याच्या पेट्या रचल्या. अंग मोडून जायचं. पण परतीला रो-रो मिळणार म्हटलं की बळ यायचं.

आज मी गाड्यांना भाडी मिळवून देतो. डिझेल, टोल, हमाली, सगळं हिशेबात धरलं जातं; ड्रायव्हरची झोप कुणी धरत नाही. मी धरतो. पोहोचायची वेळ ठरवताना विश्रांतीचे तास आधी बाजूला काढतो आणि त्यामुळे भाडं हातचं गेलं तर जाऊ देतो. झोप ही ड्रायव्हरची चैन नाही, त्याच्या मजुरीचा तो भाग आहे, आणि तो त्याला रस्त्यावरही मिळालाच पाहिजे.