घर चाकावर, हिशेब कागदावर!

सोमवार ते शुक्रवार क्युबिकल आणि शनिवारी बुकिंग फुल्ल. सगळ्या हॉटेलांचं रडगाणं तेच. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं, आपलं हॉटेल आपणच घेऊन फिरायचं. सेकंडहॅण्ड कॅम्पर! पैसे फ्लॅटच्या डाऊन पेमेंटमधून निघणार होते, म्हणजे चुकलं की घरी कायमचा टोमणा.

शॉर्टलिस्टमध्ये दोन ट्रॅव्हलर. एक पुण्यातली, नवी, कॉमन रेलवाली, 'बाराचा अॅव्हरेज' सांगणारी. दुसरी बुलडाण्यातली, जुनी, साध्या डिझेल पंपाची. मालक म्हणाला, "अकरा देते. दोन दिवस घेऊन जा, डिझेल तुमचं."

टाकी काठोकाठ भरून आधी राजूर घाट. बुलडाणा घाटावर, मोताळा घाटाखाली. या जिल्ह्यात माणसंसुद्धा अशीच घाटावरची नि घाटाखालची असतात. मुद्दाम खाली उतरून, पाण्याची टाकी भरून, परत वर आलो. एसी बंद, सेकंड गिअर, माझे डोळे टेम्परेचरच्या सुईवर. सुई हलली नाही, क्लच घसरला नाही. पण मागे एका सायकलवाल्याने आम्हाला बराच वेळ सोबत केली, हे नवरा मान्य करत नाही.

मग चिखली, मेहकर, लोणार. नव्वदएक किलोमीटर. मेहकरला एका मिस्त्रीला गाडी दाखवली. मी अॅव्हरेजचंच धरून बसले होते. तो हसला. "ताई, मायलेज कायले इचारता? आधी टायर पाहा." नक्षी कोरी करकरीत; पण कडेला शेवटचे चार आकडे 2318, म्हणजे 2018चा तेविसावा आठवडा. उभ्या उभ्या म्हातारे झालेले टायर! बाजूला बारीक भेगाही होत्या. वर त्याचं म्हणणं, हा पंप मी इथेच खोलतो. कॉमन रेलला स्कॅनर लागतो, तो शोधत शहरात जा.

लोणारचं सरोवर बेसॉल्टमध्ये उल्केने पाडलेलं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. पाणी खारं नि अल्कधर्मी. 2020च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, आठवतंय? विवर अभयारण्यात आहे, त्यामुळे आत कॅम्पर नेण्याचा विचारही नको. गावातल्या एका लॉजच्या आवारात विचारून गाडी लावली, पायी काठावर गेलो. रात्री चहा आणि कॅल्क्युलेटर.

आम्ही वर्षाला फिरणार फार तर चार हजार किलोमीटर. बाराने 333 लिटर, नऊने 444. डिझेल 90 रुपये धरलं तर फरक दहा हजारांचा. आणि एवढ्यासाठी मी महिनाभर भांडत होते! टायरच्या सहा नगांचं कोटेशनच त्याहून कितीतरी मोठं. रोज धावणाऱ्याने मायलेज बघावं. आमच्यासारख्या वीकएण्डवाल्यांची गाडी उभी राहूनच जास्त खराब होते. बॅटरी, रबर, पाण्याचे पाइप.

परतताना टाकी पुन्हा काठोकाठ. सव्वानऊ. मालकाला आकडा सांगितला, टायरचा कोडही. तो गप्प. मग आरसी काढली: सीट काढून बिछाने बसवल्याची नोंद आरटीओत झालेली. ती नसती तर अपघातानंतर विम्यावर हेलपाटे आलेच असते.

टायरचे पैसे किमतीतून वळते केले. टोकन दिलंय. पुण्यातल्या 'बारा'वाल्याचे अजून फोन येताहेत.