गाडी आधी सांगते

आमच्या घरी पुस्तके नव्हती. होते ते पाने, पक्कड, जॅक आणि ऑइलने काळे झालेले फडके. बाबा आर्वी–तळेगाव–कारंजा या रस्त्यावर काळी-पिवळी चालवतात. त्यांची शाळा चौथीत सुटली. महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली मीच पहिली. पण लक्ष देऊन वाचावे कसे, याचा पहिला धडा मला वर्गात नव्हे, गाडीच्या बॉनेटपाशी मिळाला.

यंदा काव्यशास्त्राच्या तासाला सरांनी व्यंजना शिकवली. शब्दाच्या पलीकडचा अर्थ सुचवते ती व्यंजना. मला हसू आले. बाबा तर रोज हेच करतात! किल्ली फिरवल्यावर इंजिन नुसते 'खट्' करून गप्प बसले, तर बॅटरी उतरली असेल किंवा तिची वायर सैल झाली असेल. धूर निळसर असला, तर इंजिनचे ऑइल जळते आहे. काळाकुट्ट असला, तर डिझेल पुरते जळत नाही, आधी एअर फिल्टर पाहावा. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही आणि करपल्यासारखा वास येतो, तेव्हा क्लच प्लेट संपत आलेली असते.

ब्रेकच्या बाबतीत तर बाबांचा कान फारच तिखट. "गाडी आंधी सांगते, मंगच दगा देते," असे ते म्हणतात. आजकालच्या पुष्कळ गाड्यांत ब्रेकचा पॅड झिजला की पत्र्याची एक लहान पट्टी डिस्कला घासून चिरका आवाज करते. ती मुद्दामच बसवलेली असते. हा आवाज म्हणजे सूचना. ती ऐकली नाही, तर पुढे खरखर सुरू होते, म्हणजे लोखंड लोखंडाला खाऊ लागते. पेडल नेहमीपेक्षा खाली जाते किंवा दोनदा दाबावे लागते, तेव्हा लायनर झिजलेले असतात, ब्रेक ऑइल गळत असते, नाहीतर पाइपात हवा शिरलेली असते. ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढली, तर दोन्ही बाजूंची चाके सारखी धरत नाहीत.

एवढे सगळे ज्यांना कळते, त्यांच्याच गाडीची ही गोष्ट.

गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत कारंज्याच्या फेरीला मी बाबांच्या शेजारी बसले होते. सत्याग्रही घाटातला उतार लागला आणि मागच्या चाकातून खरखर ऐकू आली. घाटात सतत ब्रेक दाबून उतरले तर लायनर तापून पकड सोडतात, म्हणून बाबा नेहमीच खालच्या गिअरमध्ये उतरतात. पण त्या दिवशी त्यांचा पाय पेडलवर दोन-दोनदा पडत होता. प्रवासी उतरल्यावर मी विचारले,

"बाबा, मागचे लायनर संपले नं?"

"माईत हाये."

"कधीपासून?"

"पंधरा दिस झाले." मग खाली पाहत म्हणाले, "तुह्या फीचे पैसे भराचे होते नं, बाई."

मी सुन्न झाले. गाडीत निंदणाला निघालेल्या बाया होत्या, दवाखान्यात जाणारी एक म्हातारी होती, शाळेची दोन मुले होती. भाड्यासोबत त्यांनी आपला जीवही आमच्या हवाली केला होता. माझ्या फीची पावती त्यांच्या जिवावर फाटली होती! बाबांना खरखर ऐकू येत नव्हती असे नाही. खिशात पैसा नसला, की तिखट कानालाही बहिऱ्याचे सोंग घ्यावे लागते.

"उद्या गाडी काढायची नाही," मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांना बजावले. दोन दिवस गाडी उभी राहिली. ओळखीच्या मिस्त्रीने उधारीवर लायनर बसवून दिले. पाने देण्याचे काम माझे. ड्रम काढला, तेव्हा आत रिबिटांनी चर पाडलेली दिसली. वेळेत बदलले असते, तर नुसत्या लायनरवर भागले असते. आता ड्रमही लेथवर न्यावा लागला. ती उधारी आईने आणि मी कापूस वेचून फेडली.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या या रस्त्यावर गाड्या भरधाव धावतात. मित्रमैत्रिणींनो, वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला सुमारे चौपट अंतर लागते. नव्या गाडीत लाल दिवा लागून सूचना मिळते खरी, पण दिवा पाहून थांबायचे असते ते माणसानेच.

आता सुट्टीच्या दिवशी पहिल्या फेरीआधी आम्ही दोघे रिकाम्या रस्त्यावर गाडी हळू चालवतो. काचा खाली करतो. बाबा ब्रेक दाबतात आणि विचारतात, "आयकू आलं का वं काही?"

"काहीच नाही," मी म्हणते.

मग बाबा गाडी स्टँडकडे वळवतात.