थांबत थांबत चालणे

काही दुखणी मोठी शिस्तीची असतात. बसल्या जागी त्यांचा मागमूस नसतो. मनुष्य चालू लागला की ठरावीक अंतरावर, जणू मैलाचा दगड पाहून, ती पोटरीत हजर होतात. तो दोन-चार मिनिटे उभा राहिला की निघून जातात. अशी दुखणी आपण सरसकट वार्धक्याच्या खात्यावर मांडतो. हे दुखणे मात्र बहुधा रक्ताच्या टंचाईचे असते.

विश्रांतीत निरोगी मनुष्याचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. त्यातील जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंना मिळतो. कष्टाच्या वेळी हृदयाचे हे काम चौपटीवर जाऊ शकते आणि बहुतांश रक्त राबणाऱ्या स्नायूंकडे वळते. स्नायूंतील केशवाहिन्यांचे हे नियमन उलगडणाऱ्या डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांना १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मांडीतील धमनी आतून चरबी साचून अरुंद झाली तर? साध्या नळीच्या हिशेबाने त्रिज्या निम्मी झाली की त्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. शरीर अडथळ्यापुढच्या बारीक वाहिन्या सैल करून बसल्या वेळची गरज कशीबशी भागवते. पण त्यातच सारी शिल्लक खर्ची पडते. चालताना मागणी वाढली की द्यायला काही उरत नाही. शिवाय आकसणारा स्नायू स्वतःच्याच वाहिन्या दाबतो. तो सैलावतो त्या क्षणी रक्ताने आत शिरायचे, तर अडथळ्यापलीकडे पुरेसा दाबच नसतो. म्हणून पोटरी कळवळते.

सदरमध्ये पहाटे फिरणाऱ्या आमच्या लहानशा गटात एक निवृत्त गृहस्थ होते. रेसिडेन्सी रोडवर ते मध्येच थांबत. कधी बुटाची नाडी सोडून बांधत, कधी बंद दुकानाची पाटी वाचत. सेमिनरी हिल्सच्या चढावर हा थांबा लवकर येई. "वय झाले, दुसरे काय!" असे ते हसून म्हणत. पुढे त्यांनी येणेच सोडले, कारण आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होतो हे त्यांना सहन होईना. जर्मन भाषेत या विकाराला दुकानांच्या काचांचा आजार म्हणतात, हे कळले तेव्हा आम्हांस त्या पाट्यांचा अर्थ उमगला. आमच्या आग्रहावरून त्यांनी तपासणी करून घेतली. घोट्याजवळचा रक्तदाब दंडाशी ताडून पाहतात. हे प्रमाण ०.९ किंवा त्याहून कमी भरले तर धमनी अरुंद झाल्याची शंका बळावते. त्यांचे कमी भरले.

या विकाराचा मोठा मित्र म्हणजे तंबाखू, त्यातही धुराची. मधुमेह आणि उच्च रक्तदाब तिच्या जोडीला असतात. विदर्भात विडीची सवय जुनी, आणि नागपुरात खर्ऱ्याची पुडी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. तरुण विडीबाजांच्या हातापायांच्या वाहिन्या बंद पाडणारा एक निराळा रोगही आहे. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. तेथे तंबाखू पूर्ण सोडणे हाच मुख्य उपचार होय.

नवल असे की, ज्या चालण्याने पाय दुखतो तेच चालणे या विकारावर औषध ठरते. डॉक्टरांच्या सल्ल्याने कळ बरीच वाढेपर्यंत चालावे, ती शमेपर्यंत थांबावे, पुन्हा चालावे. आठवड्यातून किमान ३ वेळा, ३० ते ४५ मिनिटे, निदान १२ आठवडे हा क्रम ठेवला तर वेदनेविना चालण्याचे अंतर बहुधा वाढते. धमनीतील अडथळा त्याने नाहीसा होत नाही. स्नायू मिळेल त्या रक्तातील प्राणवायू अधिक चांगला वापरू लागतात. मात्र निजल्यावरही पाऊल दुखत असेल, बोट काळवंडले असेल किंवा जखम भरत नसेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. मधुमेह्याने तर वेदनेची वाटही पाहू नये. त्याच्या पायाची संवेदना आधीच बोथट झालेली असू शकते.

औषधे आणि शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या हाती. सोबत्यांच्या हाती एवढेच उरते की, ज्येष्ठ मनुष्य वाटेत उभा राहिला तर घड्याळाकडे न पाहता आपणही उभे राहावे. त्याला पाटी वाचण्याचे निमित्त शोधावे लागू नये. त्याच्यासाठी थांबणे हा चालण्याचाच भाग आहे, आणि लाजेने घरी बसलेल्या पायाला ते औषध मिळत नाही.