मंडळी

ईस्टरच्या आदल्या शनिवारी दुपारी घरमालकीण दीदींनी माझ्या हातात चुन्याची बादली दिली. मला वाटलं, अंगणातल्या फणसाच्या बुंध्याला फासायचाय. रांचीला बदली होऊन मला जेमतेम चार महिने झाले होते आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू म्हणून खालच्या घरातल्या कामांत मी नुकताच लुडबूड करायला लागलो होतो. “फणसाला नाही, आयोला,” त्या म्हणाल्या. कुडुख, म्हणजे उरांव आदिवासींच्या भाषेत आईला आयो म्हणतात. आयो म्हणजे दीदींच्या सासूबाई. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

बादली, दोन ब्रश, खुरपं, पाण्याचे कॅन आणि जेवणाचा डबा असा सगळा सरंजाम घेऊन आम्ही कब्रस्तानात पोचलो. तिथे दिवाळीच्या आधी चाळीत असतो तसा गलका. कुणी गवत उपटतंय, कुणी क्रुसावरची अक्षरं काळ्या रंगाने गिरवतंय, पोरं पाणी सांडतायत, एक आजोबा शेजारच्या कबरीवर आपला चुना उडाला म्हणून त्या कबरीच्या घरच्यांची माफी मागतायत. दीदी ब्रश फिरवता फिरवता सासूशी बोलत होत्या. नातू आता गाडीच्या पुढच्या सीटवर बसायचा हट्ट करतो, फणसाला यंदा भरपूर धरलंय, आणि तुमचा मुलगा अजून चष्मा कुठे ठेवला ते विसरतोच. मुलगा, म्हणजे आमचे भैया, बाजूलाच उकिडवे बसून खुरपत होते. ते नुसते हसले.

मी नाशिकचा. स्मशानातून निघालं की मागे वळून बघायचं नाही, घरी आल्यावर दारातच पाणी घ्यायचं, आंघोळीशिवाय कशाला शिवायचं नाही, या शिस्तीत वाढलेला. त्या दुपारी कबरीच्या कठड्यावर बसून मी डब्यातली भाजी-रोटी खाल्ली. दोन घास अडखळलो, मग काही वाटेनासं झालं.

दीदींचं कुटुंब गोस्सनर एव्हँजेलिकल लुथरन चर्चचं, म्हणजे मूळच्या ‘जर्मन मिशन’चं. बर्लिनच्या योहानेस गोस्सनर यांनी पाठवलेले चार तरुण मिशनरी २ नोव्हेंबर १८४५ रोजी रांचीत पोचले. ते निघाले होते भलतीकडेच. कलकत्त्यात त्यांनी छोटानागपूरहून आलेले मजूर पाहिले आणि ही माणसं कुठली, असं विचारत ते इथवर आले. पुढची जवळजवळ पाच वर्षं एकाही प्रौढ आदिवासी माणसाने बाप्तिस्मा घेतला नाही. तापाने माणसं दगावत होती आणि शिकवलेलं कुणाच्या गळी उतरत नव्हतं. ९ जून १८५० रोजी चार उरांव पुरुषांनी बाप्तिस्मा घेतला आणि तिथून ही मंडळी सुरू झाली. मेन रोडवरच्या त्यांच्या ख्राइस्ट चर्चवर १८५७ साली बंडवाल्या शिपायांनी तोफ डागली होती, तिची खूण लोक अजून पाहुण्यांना दाखवतात. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन मिशनऱ्यांना हुसकून लावलं, तेव्हा गोऱ्या साहेबाशिवाय चर्च कसं चालणार, हा प्रश्न होता. तो इथल्या लोकांनी स्वतःच सोडवला. १० जुलै १९१९ रोजी त्यांनी आपलं चर्च स्वायत्त झाल्याचं जाहीर केलं. भैया ही तारीख आपल्या लग्नाच्या तारखेपेक्षा पटकन सांगतात, अशी दीदींची तक्रार आहे.

‘मंडळी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. तिकडे हिंदीत ‘मंडली’ म्हणतात, आपल्याकडचे ख्रिस्ती ‘मंडळी’ म्हणतात, अर्थ तोच: चर्चची इमारत नव्हे, चर्चची माणसं. मराठीत हा शब्द फार ऐसपैस आहे. कीर्तनाला बसलेली ती मंडळी, पंगतीला बसलेली ती मंडळी, जुन्या लोकांच्या तोंडी बायकोसुद्धा ‘आमची मंडळी’. पण माझ्या डोक्यात तो शब्द कायम हजर असलेल्यांसाठी होता. गेलेल्यांना आपण मंडळी म्हणत नाही, त्यांना पितर म्हणतो आणि भाद्रपदात एक पंधरवडा नेमून देतो.

शुक्रवारी, गुड फ्रायडेला, मी चर्चमध्ये गेलो होतो. वेदीवर काळं कापड होतं आणि येशूने क्रुसावरून उच्चारलेल्या सात वचनांवर एकामागून एक सात प्रवचनं. बारा वाजता सुरू झालेली उपासना तीन वाजेपर्यंत चालली. पंखे फिरत होते, वारा लागत नव्हता. खरं सांगायचं तर चौथ्या वचनापाशी मला डुलकी लागली. जागा झालो तो गाण्याने. लुथरन लोक गातात. साऱ्या लोकांनी, स्वतःच्या भाषेत गायचं, हा मार्टिन लुथर यांचा आग्रहच होता. ईस्टरसाठी त्यांनी १५२४ साली एक गीत रचलं. त्यात मरण आणि जीवन यांची कुस्ती लागते आणि मरणच गिळलं जातं. ती कल्पना संगीतकार बाखला एवढी भावली की ऐन विशीत त्याने त्या गीताच्या सातही कडव्यांना संगीत दिलं. हिंदी शब्द आणि जर्मन चाल यांचा संसार रांचीत इतका जुना झालाय, की चाल परदेशी आहे हे गाणाऱ्यांच्या गावीही नसतं.

रविवारी पहाटे साडेतीनला दीदींनी दार ठोठावलं. “दादा, चला.” बाहेर काळोख होता आणि चैत्रातला तो थोडा गार, थोडा मोहाच्या फुलांसारखा मातकट गोड वास. रस्त्यावर माणसंच माणसं. पांढऱ्या, लाल काठांच्या साड्या, खांद्यावर झोपलेली मुलं, हातात मेणबत्त्यांचे पुडे आणि उदबत्त्या. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. भेटणारा प्रत्येक जण हात जोडून ‘येशु सहाय’ म्हणत होता.

कब्रस्तानाच्या फाटकातून आत वळलो आणि थबकलो. आदल्या दिवशी आम्ही चुना फासला ते हेच आवार, पण आता जमीन दिसत नव्हती, दिसत होत्या नुसत्या ज्योती. ओळीने, वाकड्यातिकड्या, उंचसखल. प्रत्येक कबरीवर चार, सहा, दहा. दीदींनी आयोच्या उशाशी झेंडू ठेवला, मेणबत्तीचं बूड तापवून ती दगडावर चिकटवली, विझली, पुन्हा लावली. भैयांनी माझ्याही हातात एक मेणबत्ती दिली. बाजूला एक फार जुनी, खचलेली कबर होती. तिच्यावरचं नाव पुसलं गेलं होतं आणि तिला कुणी आलेलं नव्हतं. “तिथे लावा,” ते म्हणाले. “दर वर्षी कुणी ना कुणी लावतंच.”

मग पाद्रीबाबा एका उंचवट्यावर उभे राहिले. ध्वनिक्षेपक आधी खरखरला, मग शिट्टी मारू लागला. शेवटी त्यांनी तो बाजूला ठेवला आणि नुसत्या गळ्याने हाक दिली: येशू जिवंत झाला आहे. सगळ्या कबरींमधून उत्तर आलं: खरोखर जिवंत झाला आहे. तीनदा.

मी श्रद्धावान नाही. पण ते उत्तर कुठून आलं, हे मला नीट आठवतं. ते माझ्या कमरेच्या उंचीवरून आलं, कारण बहुतेक लोक कबरींपाशी वाकलेले किंवा बसलेले होते. चर्चमध्ये, फुलांनी सजवलेल्या वेदीसमोर असं म्हणणं सोपं असतं. इथे मात्र सगळा पुरावा विरुद्ध बाजूने हजर होता, नावं आणि तारखांसकट. तीन वर्षांपूर्वी पुरलेली आयो उठून बसली नव्हती. दीदींच्या पलीकडे एक तरुण बाई होती, तिच्यासमोरची कबर वीतभर रुंद आणि दोन हात लांब. तीही ‘खरोखर’ म्हणाली. तिचा आवाज फाटला, पण म्हणाली. आनंद असा रडत रडत जाहीर करता येतो, हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

नंतर शोधलं तेव्हा कळलं, पहाटे कबरींपाशी जमायची ही रीत जर्मन भूमीत जुनी आहे. सॅक्सनीतल्या हेर्नहूट गावात १७३२ साली काही तरुण ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत जाऊन गायले होते. लुथर यांनाही दफनभूमीचं फार होतं. १५२७ सालच्या प्लेगवरच्या लेखात ते विटेनबर्गच्या आपल्या गावातल्या कब्रस्तानावर भडकलेत. सगळीकडून वाटा, शेजारी बाजार, माणसं आणि जनावरं बेधडक जातायत, त्यापेक्षा मला एल्ब नदीत किंवा रानात टाका, असा त्यांचा सूर. कब्रस्तान शांत असावं, तिथे जाऊन माणसाला मरणाचा आणि पुनरुत्थानाचा विचार करता यावा, असं त्यांना वाटे. १५४२ साली अंत्यविधीच्या गीतांचं पुस्तक निघालं, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं की आमच्या दफनात रडगाणी नकोत, दिलासा देणारी गाणी हवीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांची तेरा वर्षांची लेक माग्डालेना गेली, आणि हा सगळा दिलासा तोंडपाठ असलेला बाप मित्राला पत्रात लिहितो की हुंदका काही आवरत नाही. मला ती प्रस्तावना या पत्राशेजारी ठेवूनच वाचावीशी वाटते. नुसती वाचली तर ती फारच ठणठणीत वाटते.

उजाडताना परत निघालो. भैयांनी विचारलं, “तुमचे बाबूजी कुठे आहेत?” मी म्हणालो, गोदावरीत. रामकुंडावर अस्थी सोडल्या, त्याला अकरा वर्षं झाली. त्यांना वाईट वाटेल असं मला उगीच वाटलं, कारण आमच्याकडे चुना फासायला काही उरत नाही. पण ते म्हणाले, “आमचंही तसंच होतं की.” त्यांच्या खापरपणज्यांच्या काळी उरांव लोक वर्षातून एकदा गावातल्या सगळ्या मृतांची हाडं एकत्र नेऊन गोत्राच्या पाण्यात सोडत. रांचीतच राहून शरच्चंद्र रॉय यांनी १९२८ च्या आपल्या पुस्तकात त्याचं वर्णन केलंय. त्या विधीचं नाव ‘कोहा बेंजा’. कोहा म्हणजे मोठं, बेंजा म्हणजे लग्न. मेलेला माणूस त्या दिवशी पूर्वजांच्या घरात नांदायला जातो. बर्लिनहून आलेल्या तरुणांना पाच वर्षं यश का आलं नसेल, आणि एकदा आलं तेव्हा ईस्टरचीच पहाट इथे एवढी का रुजली असेल, याचं माझ्यापुरतं उत्तर मला त्या रस्त्यावर मिळालं. इतिहासकारांना ते पटेलच असं नाही.

पुढे चर्च झालं, पांढरं कापड, फुलं, मांदर, नगारे, प्रभुभोजनाची लांबलचक रांग, घरी मटण. त्याविषयी लिहिण्यासारखं फारसं नाही. सण सगळीकडे सारखेच दमवतात.

मला आवडायला लागले ते नंतरचे रविवार. ईस्टर म्हणजे एक दिवस नव्हे, पेन्टेकॉस्टपर्यंतचे सात आठवडे, हे मला ठाऊक नव्हतं. जर्मन लुथरन पंचांगात या रविवारांना जुनी लॅटिन नावं आहेत. पहिल्याचा अर्थ ‘नवजात बाळांसारखे’, तिसऱ्याचा ‘जल्लोष करा’, चौथ्याचा ‘गा’, पाचव्याचा ‘मागा’. लाइपझिगमध्ये बाखला यांतल्या एकेका रविवारसाठी नवं संगीत सिद्ध करावं लागे. सणाला गर्दी झाली म्हणून पुढच्या आठवड्याला सुट्टी नाही. रांचीत त्या पहिल्याच रविवारी बाकं निम्मी रिकामी होती. पोरं सुट्टीला गावी गेलेली, लग्नं निघालेली, ऊन चाळिशीकडे. वाचन होतं संशयी थोमाचं, ज्याने येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणून सांगितलं. पाद्रीबाबा त्याच्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की बाकीच्या शिष्यांनीही आधी पाहिलंच होतं, थोमा फक्त उशिरा आला. मागच्या बाकावर मी एकटाच हसलो असेन. मीही उशिरा येणाऱ्यांतलाच.

मे महिन्यात, त्या ‘मागा’ नावाच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी वादळ आलं. आंब्याच्या कैऱ्या धडाधड पत्र्यावर पडल्या आणि वीज गेली. मी टॉर्च शोधत खाली आलो. दीदींच्या बैठकीत रोजची कौटुंबिक प्रार्थना चालली होती. घरच्या कर्त्या माणसाने मुलांना काय आणि कसं शिकवावं, यासाठी लुथर यांनी १५२९ साली एक छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, तिची हिंदी प्रत भैयांच्या मांडीवर होती आणि चष्मा अर्थातच सापडत नव्हता. टेबलावर वाटीत एक जाडजूड, वेडावाकडा मेणाचा गोळा जळत होता, पांढरा, मध्येच गुलाबी, काही ठिकाणी चुन्याचे कण अडकलेले. ज्योत तडतडली की उदबत्तीचा वास येई.

“ही कुठली मेणबत्ती?” मी विचारलं.

“आयोची,” नातू म्हणाला. कब्रस्तानातली उरलेली बुडखी त्याने आणि त्याच्या मित्रांनी खरवडून आणली होती, पिशवीभर. “आणि शेजारच्यांची. आणि तुम्ही लावली होती ना, तिची पण.”

भैयांनी बाकावर सरकून मला जागा केली. दीदींनी गीतपुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं आणि अंधारात पान दिसत नाही म्हणून स्वतःच सूर लावला.