पडद्यावरचे हृदय

जव्हार तालुक्यातील जामसरच्या एका पाड्यावरची बारा वर्षांची मुलगी उपचारांसाठी आमच्याकडे वसईला राहावयास आली, तेव्हा जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की ती थांबत असे. तिला दमा असावा, अशी आमची समजूत. ती चुकीची ठरली. घसादुखीमागून आलेल्या संधिवाताच्या तापाने तिच्या हृदयाची द्विदल झडप बिघडली होती. प्रत्येक ठोक्याला काही रक्त मागे गळत होते.

मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हांला इकोच्या पडद्यापाशी बोलावले. ध्वनिलहरींनी रेखाटलेले ते हृदय आणि त्यात मागे उसळणारा रंगीत झोत पाहून तिचे वडील हात जोडून उभे राहिले.

ही विद्या स्वीडनमधील लुंड येथे १९५३ साली जन्मली. झडप अरुंद आहे की गळकी, हे डॉ. इंगे एडलर यांना शस्त्रक्रियेपूर्वी जाणून घ्यावयाचे होते; कारण अरुंद झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेने गळक्या झडपेचे भले होत नसे. भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी धातूतील दोष शोधणारे यंत्र त्यासाठी वापरले.

आमच्यापुढचा प्रश्न निराळा होता. धातूची झडप बसविली, तर रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते आणि रक्त वारंवार तपासावे लागते. “जामसरहून एवढ्या खेपा कशा घालायच्या, डॉक्टरसाहेब?” वडिलांनी विचारले. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवले. झडपेची दले अजून लवचीक होती. बुडाचे कडे तेवढे सैलावले होते. तेथे आधाराची कडी शिवून मूळ झडप वाचविता येणार होती.

शस्त्रक्रियेच्या वेळी अन्ननलिकेतून उतरविलेल्या नळीने हृदय पुन्हा पाहिले गेले. हृदय चालू झाल्यावर, छाती शिवण्याआधीच झडपेची परीक्षा झाली. गळती फार उरली असती, तर तेथेच पुन्हा दुरुस्ती करावी लागली असती. किंचित उरली, ती सोसण्याजोगी होती.

आता दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेण्यास वडील तिला जामसरच्या आरोग्य केंद्रात नेतात. तो ताप उलटू नये, म्हणून हे वर्षानुवर्षे चालणार. वाचलेली झडप आता त्या तारखांवर टिकावयाची आहे.

वाचकहो, मुलाच्या घसादुखीमागून ताप आला, सांधे सुजले, तर काढ्यावर थांबू नका. आम्ही थांबलो असतो.