निमित्त

कोणतेही संकट आले की माणूस आधी त्याचे कारण शोधतो, आणि ते सापडले नाही तर जे हाताशी असेल त्यालाच कारण ठरवून मोकळा होतो. मोकळा होतो असे आपले म्हणायचे. एरवी त्यातच तो जन्मभर अडकून पडतो.

२०२२ च्या दिवाळीची साफसफाई चालू असताना माझ्या वर्गातला एक मुलगा माळ्यावरून पडला. नववीतला, खो-खोत मोठा चपळ. गुडघ्यावर सूज आली. कुणा जाणत्याने महिनाभर तेल लावून पाय चोळला. सूज ओसरेना, रात्री ठणका उठू लागला. मिरजेत फोटो काढला, आणि तिथल्या डॉक्टरांनी मुंबईचा रस्ता दाखवला. परळच्या टाटा रुग्णालयात निदान झाले : हाडाचा कर्करोग. मी भेटायला गेलो तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्याची आई एकच वाक्य घोकीत होती, "मीच त्याला माळ्यावर चढवलं हो, सर. डबे काढायला."

त्या वाक्याला काही उत्तर असावे म्हणून मी वाचू लागलो. माझे शास्त्र मॅट्रिकपाशीच थांबलेले. तेव्हा मला उमगले ते आमच्या सांगलीच्या हळदपेठेच्या भाषेतच सांगतो. नवी वही घातली की जुन्या वहीतली बाकी तीत उतरवून घ्यावी लागते. शरीरातली पेशी दुभंगताना असेच करते. ४६ गुणसूत्रे म्हणजे तिच्या ४६ वह्या. त्यांची नक्कल करून दोन्ही लेकींना सारखा वाटा द्यायचा. चूक पकडायला आत एक दिवाणजी बसलेला असतो. शास्त्रज्ञ त्याला पी-५३ म्हणतात. हाडाच्या या कर्करोगात बहुधा हा दिवाणजीच जागेवर नसतो. मग एका पेशीत वह्या कमी, दुसरीत कितीतरी जास्त. कुठे पाने गहाळ, कुठे ती भलत्याच वहीला शिवलेली. २०११ साली इंग्लंडमधील संशोधकांना तर असे आढळले की कधीकधी एखादे गुणसूत्र एका झटक्यात फुटून त्याचे तुकडे तुकडे होतात, आणि पेशी ते सापडतील तसे सांधते. त्यांनी तपासलेल्या हाडाच्या कर्करोगांत हा प्रकार सुमारे चौथ्या हिश्शात दिसला. इतर कर्करोगांत फार क्वचित. कूर्चेच्या कर्करोगाची तऱ्हा निराळी. तो बहुतेक करून प्रौढांना होतो आणि औषधांना फारशी दाद देत नाही.

आणि गुडघाच का? वाढत्या वयात मुलगा उंच होतो तो मुख्यतः गुडघ्यालगतच्या हाडांत. जिथे नकला फार, तिथे चुकायलाही वाव फार.

या वह्या मोजणे सोपे नव्हे. माणसाची गुणसूत्रे ४८, असे मोठमोठे पंडितही तीसेक वर्षे मानीत होते. ४६ हा आकडा ठरला १९५६ मध्ये! आपल्याकडच्या कमल रणदिवे हुजूरपागेत शिकलेल्या. एम. एस्सी.साठी त्यांनी गुणसूत्रे अभ्यासली ती सीताफळाच्या कुळातल्या झाडांची. पुढे मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली त्या कर्करोगाकडे वळल्या. त्यांचे काम हाडांवरचे नव्हे. पण सीताफळ खाताना मला हल्ली त्यांची आठवण होते, आणि घरात हशा पिकतो.

हे सारे मी त्या माउलीला धर्मशाळेच्या ओट्यावर बसून सांगितले.

"मग वही फाडली कुणी, सर?"

"कुणीच नाही, ताई. उतरवून घेताना चुकली. पडण्याच्या आधीच."

"पण मी चढवलंच नसतं तर?"

"तर ती सूज आपल्याला आणखी उशिरा दिसली असती."

त्या दिवशी पहिल्यांदाच तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

पूर्वी पाय कापूनही यातली बहुतेक मुले हाती लागत नसत. १९७० नंतर औषधे आली. आता रोग पसरण्याआधी सापडला तर दहांतली सहा-सात वाचतात. आमच्या गड्याचा पाय राहिला. रोगट हाड काढून तिथे धातूचा सांधा बसवला आहे. खो-खो सुटला, पण कॅरममध्ये तो मला हरवतो. हा रोग पुन्हा डोके काढतो ते बहुधा फुप्फुसात, म्हणून छातीच्या तपासणीला मुंबईच्या खेपा चालूच असतात. यंदा भाऊबीजेनंतरची तारीख मिळाली आहे. धर्मशाळेतल्या मंडळींसाठी म्हणून त्याच्या आईने चकल्यांची भाजणी जास्तीची दळून आणली आहे.